हॅलोवीनला काळजी रस्त्याची करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑक्टोबर लागला की अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश हमखास फिरतो. हॅलोवीनला, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी, मुलं सोंगं घेऊन घरोघर खाऊ मागत फिरतात; त्या चॉकलेटांत कुणीतरी विष किंवा सुया घालतं, मुलांना पाठवू नका. नातवंडांसाठी सहा महिने इकडे आलेल्या आजी-आजोबांची तर झोपच उडते. मी न्यू जर्सीतल्या एका पाळणाघरात तीन ते पाच वर्षांची मुलं सांभाळते. या भीतीपायी खऱ्या धोक्याकडे दुर्लक्ष होतं, म्हणून हे पत्र.

जोएल बेस्ट या समाजशास्त्रज्ञांनी अनेक दशकांच्या बातम्या तपासल्या. अनोळखी माणसाने वाटलेल्या विषारी खाऊने मूल दगावल्याची एकही खात्रीलायक घटना त्यांना सापडली नाही. १९७४ मध्ये टेक्सासमध्ये एक आठ वर्षांचा मुलगा असा खाऊ खाऊन गेला खरा, पण त्यात विष घातलं होतं त्याच्या सख्ख्या बापाने, विम्याच्या पैशांसाठी. खाऊ घरी आणून, बघून मग द्यावा, एवढं पुरे.

रस्त्याचं मात्र तसं नाही. १९७५ ते २०१६ या काळातल्या अपघातांच्या नोंदींवरून झालेल्या अभ्यासात दिसलं, की ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी पादचाऱ्यांच्या मृत्यूचा धोका आठवडाभर आधीच्या आणि नंतरच्या संध्याकाळींपेक्षा ४३ टक्क्यांनी जास्त असतो. चार ते आठ वर्षांच्या मुलांना तर तो दहापट! कामावरून परतणाऱ्या गाड्या, तिन्हीसांजेचा अंधूक उजेड, काळा पोशाख, डोळ्यांवर सरकलेला मुखवटा, आणि उभ्या गाड्यांच्या मधून पलीकडच्या घराकडे धावत सुटलेलं पोर. आमच्याकडे त्या दिवशी सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. पाच वर्षांखालच्या मुलांना साडेचारलाच बाहेर काढावं, दहा-बारा घरं करावीत आणि दिवेलागणीला परत आणावं. मुखवट्याऐवजी चेहरा रंगवावा, पोशाख घोट्याच्या वर असावा, पाठीवर चमकणारी पट्टी चिकटवावी. हात सोडू नये.

दुसरी काळजी भीतीची. तीन-चार वर्षांच्या मुलाला सोंग आणि खरं यांतला फरक पुरता कळत नसतो. रोज हसून हात हलवणारे शेजारचे काका कवटीचा मुखवटा घालून दारात आले, की त्याच्या लेखी ते काका उरतच नाहीत. मूल आईच्या पायांना मिठी मारतं आणि मोठी माणसं फोटोसाठी त्याला पुढे ढकलतात, ‘घाबरतोस काय, जा ना!’ हे बघून जीव तुटतो. त्याला तिथून उचलून घ्या, बास. आम्ही पाळणाघरात मुखवटा आधी टेबलावर ठेवतो. मुलं तो हाताळतात, आतून बघतात, आपल्याच तोंडाला लावून आरशापुढे जातात. मगच बाई तो घालते, आणि तोही मुलांच्या समोर. तरीही एखादं रडलं तर मुखवटा कपाटात जातो. हॅलोवीनला दारात ठेवायचा भोपळा कोरायची सुरी मोठ्यांच्याच हाती असते. मुलं बिया काढतात, साल रंगवतात आणि त्यातच रमतात.

चार वर्षांखालच्या मुलांना कडक गोळ्या आणि शेंगदाणे देऊ नयेत, घशात अडकतात. ज्या दारात निळसर हिरवा भोपळा दिसेल तिथे खाऊखेरीज स्टिकर, पेन्सिली असंही काही मिळतं. शेंगदाण्याची किंवा दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलांसाठी २०१४ पासून ही प्रथा देशभर पसरली. आपल्या मराठी घरांनीही असा भोपळा दारात ठेवावा असं मला फार वाटतं.

‘भुताखेतांचा सण आपल्या मुलांना कशाला?’ असंही काही ज्येष्ठ विचारतात. २०२४ मध्ये नरकचतुर्दशी ३१ ऑक्टोबरलाच आली होती. आमच्याकडची मराठी मुलं सकाळी अभ्यंगस्नान करून, उटण्याच्या वासासकट आली आणि संध्याकाळी वाघ, फुलपाखरू होऊन शेजाऱ्यांच्या दारात गेली. वर्गातली सगळी मुलं जात असताना एकट्या आपल्या मुलाला घरात बसवण्यात मला काही राखल्यासारखं वाटत नाही.

आपलं वृत्तपत्र इथले आजी-आजोबा रोज फोनवर वाचतात आणि त्यावर विश्वास ठेवतात. तेव्हा ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात रस्ता, मुखवटा आणि कडक गोळ्यांविषयी चार ओळी ठळक छापाव्यात, ही विनंती.

आपली,
एक वाचक, न्यू जर्सी