यंदा बास्केटबॉल कोर्टावर मुली हव्यात, आणि कोर्टही हवं

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

हे पत्र खरं तर गुढीपाडव्यालाच तुमच्या हाती पडायला हवं होतं. मुलींच्या परीक्षा, मंडळाचे हिशेब तपासणीला गेलेले आणि कोर्टाचं दरपत्रक यायला झालेला उशीर, यात ते राहून गेलं. आता शाळांना सुट्टी लागायला पंधरा दिवस उरलेत आणि उन्हाळी वर्गाची यादी सतरा नावांवर अडली आहे. म्हणून घाईने लिहिते आहे. काही चुकलं तर पोटात घाला, पण पत्र तेवढं पूर्ण वाचा.

मागणं दुहेरी आहे. घरात नऊ ते सतरा वर्षांची मुलगी असेल तर तिला बास्केटबॉलला पाठवा. आणि 2019च्या महापुरापासून उखडलेलं आपलं कोर्ट पुन्हा उभं करायला हातभार लावा.

जुन्या मंडळींना आठवत असेल, आपल्याकडे सांगलीत मुलींचं बास्केटबॉल सुरू झालं तेही पुरामुळेच. 2005 साली कृष्णेचं पाणी ओसरलं तेव्हा मैदानात वीतभर गाळ होता. मंडळाची सगळी मुलं घरं आणि दुकानं धुण्यात अडकलेली. आम्ही आठवीतल्या नऊ जणी फावडी-घमेली घेऊन आलो. चौथ्या दिवशी खालचं सिमेंट दिसायला लागलं, तशी आमच्यातली एक जण सरांना म्हणाली, "साफ आम्ही केलं, मग आता आम्ही खेळू का?" सरांनी काही न बोलता कपाटातून बॉल काढून दिला. तो मुलांचा 7 नंबरचा बॉल होता. मुलींसाठी 6 नंबरचा, थोडा लहान आणि हलका बॉल असतो, हे आम्हाला पुढे दोन वर्षांनी कळलं. तोवर आमचे पास अर्ध्या वाटेत खाली पडायचे आणि आम्हाला वाटायचं, आपल्याच हातात जोर नाही.

6 नंबरचे पहिले चार बॉल दिले ते हळदीच्या पेठेतल्या अडत्या काकांनी. त्यांना खेळातलं काही कळत नव्हतं, ते स्वतःच तसं सांगायचे. पण रोज संध्याकाळी दुकान बंद करून घरी जाताना कुंपणापाशी पाच मिनिटं थांबायचे आणि पुढे त्यांची नात आमच्यात खेळायला आली. कुपवाड एमआयडीसीतल्या वेल्डिंगवाल्या काकांनी दोन्ही खांब स्वखर्चाने बनवून दिले. रिंग जमिनीपासून बरोबर 3.05 मीटरवर, म्हणजे दहा फुटांवर यायला हवी, यासाठी ते तीन रविवार टेप घेऊन येत राहिले. अर्धा इंच कमी भरली तेव्हा त्यांनी जोड कापून पुन्हा केला. शिवाय लहान मुलींसाठी 2.60 मीटरची एक बुटकी रिंग केली. आज दहा वर्षांच्या पोरीचा बॉल जाळीत पडला की ती जी उडी मारते, तिचं श्रेय काकांचं आहे. मिरजेचे हाडांचे डॉक्टर दर जूनमध्ये सगळ्या मुलींचे गुडघे आणि हिमोग्लोबिन तपासून देतात, एक रुपया घेत नाहीत. तासगावचे एक बागायतदार पालक, ज्यांची मुलगी खेळून आता सासरी गेली, ते अजूनही दर हंगामाला बेदाण्याचा एक बॉक्स पाठवतात. सराव संपला की प्रत्येकीच्या ओंजळीत मूठभर बेदाणे आणि भडंग, ही आपली पद्धत त्यांच्यामुळे टिकली. आणि महिला बचत गटाच्या मावशींचं ऋण तर कधीच फिटणार नाही. मुलींसाठी आतून कडी लागणारं, पाणी असलेलं स्वच्छतागृह त्यांनी पापड विकून बांधून दिलं. त्याआधी मुली पाळीच्या दिवसांत चार-चार दिवस येत नसत. आता कपाटात पॅडचा डबा असतो आणि न खेळणारी मुलगीसुद्धा गुण लिहायला येऊन बसते.

या कोर्टावरून गेलेल्या मुलींपैकी एक आज पोलीस उपनिरीक्षक आहे, दोघी शाळांमध्ये खेळ शिकवतात, एक मिरजेत फिजिओथेरपिस्ट आहे. आता शिकवणाऱ्या मॅडम त्याच पहिल्या नऊ जणींतल्या. सकाळी नोकरी, संध्याकाळी कोर्ट, आणि आजवर त्यांनी मानधन म्हणून घेतलेली रक्कम सांगायला मला संकोच वाटतो.

आता थोडं मनातलं. गेल्या वर्षी आम्ही दोनशे घरांत असंच पत्र दिलं होतं. उत्तर आलं अकरा घरांतून. विभागीय स्पर्धेहून मुली रात्री एसटीने परतल्या, हातात करंडक होता, आणि स्टँडवर घ्यायला मॅडमचा भाऊ तेवढा आला होता. मुलींनी तक्रार केली नाही. पण त्यातली सगळ्यात लहान मला विचारत होती, "मावशी, त्यांना कळलं नव्हतं का?" कळलं होतं. मी स्वतः सगळ्यांना निरोप दिला होता. उत्सवाच्या मंडपाची वर्गणी आपल्याकडे दोन दिवसांत जमते, आणि जमावीच, मीही देते. तीच माणसं, तेच हात, मुलींच्या कोर्टाची पावती पुढे केली की मात्र "पुढच्या महिन्यात बघू" म्हणतात. याचं वाईट वाटतं.

2 नोव्हेंबर 2025च्या रात्री नवी मुंबईत भारताच्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, तेव्हा गावभागात फटाके वाजले. आपल्या माधवनगरात वाढलेली स्मृती मानधना त्या संघात होती, सगळ्यांचा ऊर भरून आला. दुसऱ्याच दिवशी तीन आया मुलींना घेऊन चौकशीला आल्या. त्या मुलींपैकी दोघी आज वर्गात आहेत. तिसरीला घरून सांगितलं, "नववीचं वर्ष आहे, आता पुरे." हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकलंय की हजेरीपुस्तक बघून सांगता येतं, कोणती मुलगी कधी थांबेल. पाचवी-सहावीत पंचवीस नावं असतात, नववीला सहा उरतात. मुलीला खेळ आवडेनासा होतो म्हणून नाही, आपण तिला उठवून आणतो म्हणून.

बास्केटबॉलमध्ये काय ठेवलंय, असंही विचारतात. 2017 साली बंगळुरूत झालेल्या महिलांच्या आशिया चषकात ब विभागाच्या अंतिम सामन्यात आपल्या मुलींनी कझाकस्तानला 75-73 असं हरवलं. त्या संघातली शिरीन लिमये पुण्याची, पुढे ती भारताची कर्णधार झाली. दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात, पात्र स्पर्धांत कामगिरी केलेल्या खेळाडूंना राज्य सरकारच्या नोकऱ्यांत 5 टक्के समांतर आरक्षण आहे. हे सगळं खरं आहे आणि मी प्रत्येक पालकसभेत सांगते. पण खरं कारण मला विचाराल तर वेगळं आहे. या खेळात बॉल हातात आला की 24 सेकंदांच्या आत काहीतरी ठरवावं लागतं. पास, ड्रिबल, की सरळ शॉट. घरात ज्या मुलीला कुणी काही ठरवू देत नाही, ती इथे एका संध्याकाळी शंभर वेळा ठरवते. चुकते, मैत्रिणी ओरडतात, ती पुन्हा ठरवते. सहा महिन्यांनी तिच्या बोलण्यात फरक पडतो. तिच्या आईलाच विचारा.

आता कोर्टाचं. 2019च्या ऑगस्टात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा आपलं कोर्ट आठवडाभर बुडालेलं होतं. लाकडी बोर्ड फुगून सुटले. ते कसेबसे बदलले, तोच 2021च्या जुलैत पुन्हा पाणी आलं आणि सिमेंटखालची भर खचली. आज फ्री थ्रोच्या रेषेपासून डाव्या कोपऱ्यापर्यंत बोटभर रुंदीची चीर आहे आणि पावसानंतर तिच्यात पाणी साचतं. मुली ती चीर चुकवून ले-अप, म्हणजे धावत येऊन रिंगजवळून उडी घेत मारायचा शॉट, मारायला शिकल्या आहेत. उडी मारून खाली येताना गुडघ्यातला लिगामेंट फाटण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा जास्त असतो. डॉक्टरांनी शिकवलेले उतरण्याचे व्यायाम मॅडम रोज दहा मिनिटं करून घेतात, पण खालची जमीनच वाकडी असेल तर व्यायाम किती पुरणार? मागच्या पावसाळ्यात आमच्या सगळ्यात चांगल्या मुलीचा गुडघा याच चिरेवर गेला. तेव्हापासून मला झोप नाही, हे अगदी खरं सांगते. मदतीसाठी एका कार्यालयात अर्ज दिला, चार वेळा हेलपाटे घातले, फाइल अजून तिथेच आहे. ऑलिंपिकमध्ये पुरुषांचं बास्केटबॉल 1936 साली आलं आणि बायकांचं 1976 साली. चाळीस वर्षं त्या थांबल्या. आमच्या मुलींची खेळायची वर्षं मोजून आठ असतात, त्यांना थांबायला वेळ नाही.

कोर्ट 28 बाय 15 मीटर, भोवतीची 2 मीटर मोकळी जागा धरून साधारण साडेसहा हजार चौरस फूट. जुनं सिमेंट काढून नवा थर, उतार, वर अ‍ॅक्रिलिक आणि रेषा, असं सगळं मिळून दरपत्रक 6 लाख 50 हजारांचं आहे, म्हणजे चौरस फुटाला शंभर रुपये. जमा 2 लाख 10 हजार. एका घराने दहा चौरस फूट घेतले तरी आम्हाला खूप आहे. ज्यांना पैसे जमत नाहीत त्यांनी वाळू, सिमेंट, ट्रॅक्टरची एक खेप किंवा रविवारचं श्रमदान द्यावं. काम पावसाआधी व्हायला हवं, म्हणून रक्कम 10 मेपर्यंत. पावती लगेच मिळेल, जमाखर्च फलकावर लागेल. वर्ग सोमवार ते शनिवार, संध्याकाळी साडेपाच ते सात, काम चालू असेल तेव्हा शेजारच्या शाळेच्या पटांगणात. पहिला महिना फी नाही, नंतर दरमहा 200 रुपये, अडचण असेल तर मॅडमना एकट्यात सांगा, बाहेर कळणार नाही. येताना आधारकार्डाची आणि जन्मदाखल्याची प्रत, दोन फोटो, पाण्याची बाटली. बूट लगेच घेऊ नका, शाळेचे कॅनव्हासचे चालतील. ट्रॅक पँट, पूर्ण बाह्या चालतात. डोकं झाकून खेळायचं असेल तरी अडचण नाही, 2017पासून आंतरराष्ट्रीय नियमांतही त्याला परवानगी आहे. सुटल्यावर सांगलीवाडी आणि खणभागाच्या मुलींना मोठ्या मुली गटाने घरापर्यंत सोडतात. नावनोंदणी मंडळाच्या कार्यालयात रोज साडेसहा ते आठ. येत्या रविवारी सकाळी 8 वाजता कोर्टावर पालकसभा आहे. बाबांनीही यावं, दरवेळी फक्त आयाच येतात.

रविवारी चहा आहे, आणि तासगावचे बेदाणेही आलेत.

आपली,
चिटणीस, मुलींचा बास्केटबॉल विभाग