बाराव्या बराकीबाहेरचे कैदी

महोदय,

कर्जबुडव्यांचे प्रत्यार्पण लंडनमध्ये रखडले की ‘तिकडची न्यायालये चोरांना पाठीशी घालतात’ अशी चीड व्यक्त होते. चीड मलाही येते, बँकांत पैसा आपलाच होता. पण ती न्यायालये विचारतात काय? विजय मल्ल्याच्या खटल्यात २०१८ साली वेस्टमिन्स्टरच्या न्यायाधीशांनी, भारतात आणल्यावर त्याला जिथे ठेवणार होते त्या मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगातील बराक क्रमांक १२ चे चित्रीकरण मागवले. कोठडीत नैसर्गिक उजेड कितपत येतो, हे त्यांना पाहायचे होते. पुढे नीरव मोदीच्या वेळीही हीच बराक चर्चेत आली.

दर वेळी निकाल आपल्या बाजूने लागत नाही. पुरुलियात १९९५ साली विमानातून शस्त्रे टाकल्याच्या प्रकरणातील किम डेव्हीला भारताकडे सोपवायला डेन्मार्कच्या न्यायालयाने २०११ मध्ये नकार दिला. कारण, येथे छळ होण्याची भीती. फेब्रुवारी २०२५ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने तिहार तुरुंगातल्या परिस्थितीकडे बोट दाखवून शस्त्रदलाल संजय भंडारीला सोपवण्यास नकार दिला.

याला भारतद्वेष म्हणता येणार नाही. युरोपीय संघातले देश एकमेकांच्या अटक वॉरंटवर जवळपास आपोआप आरोपी सोपवतात. तरीही हंगेरी आणि रुमानियाची वॉरंट जर्मनीतल्या ब्रेमेनला पोहोचली, तेव्हा एप्रिल २०१६ मध्ये संघाच्याच न्यायालयाने बजावले: तुरुंगात अमानुष वागणुकीचा खरा धोका असेल, तर आरोपीला सोपवणे थांबवा.

आपण मात्र संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारावर १९९७ मध्ये सही करून थांबलो. त्याला अजून मान्यता दिलेली नाही. छळप्रतिबंधक विधेयक लोकसभेत २०१० मध्ये मंजूर झाले, राज्यसभेत अडकले आणि बारगळले. विधी आयोगाने २०१७ च्या २७३ व्या अहवालात नवा मसुदाच तयार करून दिला. तोही पडून आहे.

मला सर्वांत जास्त बोचते ते वेगळेच. परदेशी न्यायाधीशाने विचारले म्हणून एका बराकीचा उजेड तपासला गेला. त्याच आवारात खचाखच भरलेल्या बराकींत जामिनाचे पैसे नाहीत म्हणून खितपत पडलेले कच्चे कैदी आहेत. त्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही, आणि त्यांच्यासाठी लंडनमध्ये कुणी वकील उभा राहत नाही. केंद्राने करारावर मान्यतेची मोहोर उमटवावी. राज्याच्या गृहखात्याने बाकीच्या बराकींचेही तसेच चित्रीकरण करून ते मुंबई उच्च न्यायालयात सादर करावे.

– एक वाचक, मुंबई