पाठीमागच्या उंबराची वाळकी फांदी

दि. ६ मार्च

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापकीय समिती सदस्य

विषय : बी विंगमागच्या उंबराची छाटणी पुढे ढकलण्याबाबत

महोदय,

परवा लिफ्टशेजारच्या फळ्यावर नोटीस वाचली. येत्या रविवारी सकाळी आठपासून झाडांची छाटणी आहे, गाड्या हलवून ठेवाव्यात. नोटिशीत कामं तीन आहेत. सगळ्या झाडांच्या वाळक्या फांद्या काढणे, उंबराच्या खोडापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवणे आणि ‘वटवाघळांचा बंदोबस्त’. तिन्हींबद्दल मला बोलायचं आहे, पण घाई पहिल्याचीच आहे. त्या वाळक्या फांद्यांपैकी एक रिकामी नाही.

आधी माझी चूक कबूल करते. उंबराला कीड लागली आहे, रोज सकाळी स्कूटरच्या सीटवर भुसा पडलेला असतो, अशी तक्रार फेब्रुवारीच्या मीटिंगमध्ये कुणी केली होती, ते आपल्याला आठवत असेल. ती मीच. तेव्हा मी फक्त सीट झटकली आणि तोंडाचा पट्टा सोडला, वर मान करून पाहिलं नाही. त्या तक्रारीवरूनच ‘वाळक्या फांद्या’ हा मुद्दा नोटिशीत आला असेल, तर हे पत्र लिहिण्याची जबाबदारीही माझीच आहे.

त्यानंतर आठवडाभराने भुसा अगदी डोळ्यांदेखत पडला. वर पाहिलं तर कंपाउंडच्या भिंतीकडे झुकलेल्या, पोटरीएवढ्या जाडीच्या वाळक्या फांदीच्या खालच्या अंगाला एक गोल भोक होतं, कंपासने आखल्यासारखं. त्यातून हिरवट शेपूट बाहेर आलं, मग पाठ, आणि मग चोच भरून भुसा खाली भिरकावणारं एक डोकं. कपाळावर लाल टिळा, डोळ्याभोवती पिवळं, गळा पिवळा. तांबट होता तो. चिमणीपेक्षा थोडासाच मोठा पक्षी, पण मान नसल्यासारखा गुटगुटीत. दुपारी आपल्याकडे कुणीतरी लांबवर भांड्यावर हातोडी मारतंय असं वाटतं ना, टुक टुक टुक, मिनिटाला शंभरच्या वर ठोके? तोच हा. ओरडताना चोच मिटलेली असते, नुसता गळा फुगतो. शिवाय दर ठोक्याला डोकं इकडे तिकडे वळवतो, त्यामुळे आवाज नक्की कुठून येतोय ते कळत नाही. मी इथे राहते त्याला बारा वर्षं झाली. इतकी वर्षं मला वाटत होतं, पलीकडच्या इमारतीत काम चालू आहे.

नर-मादी आळीपाळीने कोरत होती. एक आत गेला की दुसरा शेजारच्या काटकीवर बसून राहायचा. गेल्या सोमवारपासून भुसा पडणं थांबलं आहे आणि दोघांपैकी एकजण बराच वेळ आतच असतो. याचा अर्थ सरळ आहे, आत अंडी आहेत. उबवायला साधारण दोन आठवडे लागतात. त्यानंतर पिल्लं पंख फुटून बाहेर पडेपर्यंत आईबापांच्या खेपा चालू राहतील. रविवारी करवत चालली तर फांदी पडेल आणि तिच्याबरोबर हे सगळंच खाली येईल.

वाळकी फांदी म्हणजे मेलेली, म्हणजे निरुपयोगी, हा हिशोब माणसाचा झाला. तांबटाला हिरवी, जिवंत, टणक फांदी कोरता येत नाही. त्याची चोच सुतारपक्ष्याच्या पटाशीइतकी भक्कम नसते. त्याला लागतं ते मेलेलं, थोडं भुसभुशीत झालेलं लाकूड, आणि तेही तिरकं, म्हणजे भोक खालच्या बाजूला ठेवता येतं आणि पाऊस आत शिरत नाही. आपण दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये, पावसाळ्याआधी, नेमक्या याच फांद्या शोधून शोधून काढतो. त्याच महिन्यांत त्यांना त्या हव्या असतात. घरटं नसेल तेव्हाही ते अशाच ढोलीत रात्र काढतात, आणि त्यांनी सोडलेली ढोली पुढे दुसरेच कुणी पक्षी वापरतात.

मी सरसकट छाटणीच्या विरोधात नाही, गैरसमज नको. गेटवरची गुलमोहराची फांदी रविवारीच काढा. ती खरोखर धोकादायक आहे, खाली शाळेच्या बसची रांग असते. मागची फांदी भिंतीवर झुकली आहे. तिच्याखाली माझ्या स्कूटरशिवाय काही उभं नसतं, आणि स्कूटर मी हलवते. तांबट बऱ्याचदा लागोपाठ दोनदा अंडी घालतात, म्हणून मी मे महिन्याच्या शेवटी पुन्हा पाहून समितीला लेखी कळवीन. तेव्हा ढोली रिकामी असेल तर पावसाआधी फांदीचा पुढचा भाग उतरवता येईल. ढोलीच्या अलीकडचा दोन-तीन फुटांचा बुंधा मात्र तसाच ठेवावा. वजन कमी झालं की तो पडायचं भय उरत नाही.

कायद्याचा बडगा दाखवायला मी लिहीत नाही, पण माहितीसाठी सांगते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांची अंडी आणि घरटी मोडणंही येतं. कंत्राटदाराला हे ठाऊक असेलच असं नाही. छाटणीसाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घेतली असेल तर तिची प्रतही फळ्यावर लावावी.

आता वटवाघळं. चौकीशेजारच्या गाड्यांवर डाग पडतात, पहाटे चोथ्याच्या गोळ्या पडलेल्या असतात, हे मान्य आहे. कारण असं की लहान फलाहारी वटवाघळं उंबरावर बसून जेवत नाहीत. फळ तोडतात, जवळच्या दुसऱ्या झाडाखाली नेऊन लटकतात, रस चोखतात आणि चोथा थुंकतात. ती दुसरी जागा म्हणजे आपल्या पार्किंगवरचा अशोक. तेव्हा उंबर कापून गाड्या स्वच्छ होणार नाहीत. अशोकाखालच्या दोन गाड्यांवर फळं धरायच्या आठवड्यांत कव्हर घातलं तरी काम भागेल. वटवाघळं केसांत अडकतात ही निव्वळ दंतकथा. आजाराची भीती मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. जमिनीवर पडलेलं वटवाघूळ उघड्या हाताने उचलू नये आणि दात लागलेलं फळ कुणी खाऊ नये. हे मी मुलांनाही सांगितलं आहे आणि वॉचमनकाकांनाही. फलाहारी वटवाघळं बरीच वर्षं याच कायद्यात उंदीर आणि कावळ्यांच्या पंक्तीला ‘उपद्रवी’ म्हणून बसली होती. २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच काढून टाकली. कायद्याने आपलं मत बदललं, आपण अजून ‘बंदोबस्त’ म्हणतोय.

पेव्हर ब्लॉकचं थोडक्यात. खोडाला चिकटून फरशी घातली की मुळांना पाणी आणि हवा दोन्ही कमी पडतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांबाबत खोडाभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. आपणही तेवढं वर्तुळ मोकळं सोडावं. ब्लॉकही कमी लागतील.

उंबरासाठी मी एवढी का भांडतेय, असं कुणी विचारेल. एखादा माणूस फार दिवसांनी दिसला की आपण त्याला उंबराचं फूल म्हणतो. फुलं असतात, पण फळाच्या आत, शेकड्यांनी. टोकाच्या बारीक भोकातून केंबराची, म्हणजे उंबरातल्या इवल्या किड्याची, मादी आत घुसते, घुसताना बहुधा पंख गमावते, परागकण पसरते, अंडी घालते आणि आतच मरते. तिच्या पिल्लांतले नर बिनपंखाचे. ते बाहेरची वाट पोखरून देतात आणि मरतात, त्या वाटेने माद्या उडून दुसऱ्या झाडावर जातात. ही केंबरं नसती तर उंबराला बीच धरलं नसतं. उंबर फोडून केंबरं काढू नयेत म्हणतात. मी काढली, मुलांना भिंगाखाली दाखवली, आणि त्यानंतर आठवडाभर कुणीही उंबरं एकमेकांवर मारून फेकली नाहीत. शिवाय हे झाड वर्षातून अनेकदा फळतं, आणि बाकी झाडांवर काही नसतं तेव्हाही पाखरांचं इथे भागतं. गेल्या महिन्यात एका सकाळच्या तासाभरात मी खालून मोजले : तांबट, बुलबुल, कोकीळ, साळुंक्या, आणि धनेशाची एक जोडी, जिने येऊन बाकी सगळ्यांना हाकललं.

डिसेंबरात आपल्या सोसायटीतली अकरा मुलं आम्ही जंगल पाहायला नेली होती. पहाटे चारला बस सुटली. तीन तासांच्या प्रवासात दोघांना उलट्या झाल्या. वाटाड्याने हळू आवाजात, सगळ्यांना थांबवून, पहिला पक्षी दाखवला तो तांबट. सातवीतली मुलगी म्हणाली, “हा टुकटुकवाला तर आमच्या घरामागे ओरडतो.” वाटाड्या बिचारा हिरमुसला. तेव्हा मीही तिला गप्प केलं होतं.

रविवारी सकाळी सात वाजता मी दुर्बीण घेऊन उंबराखाली उभी असेन. समितीतल्या निदान दोघांनी कंत्राटदाराच्या आधी यावं. गोंगाट केला नाही तर पाच-दहा मिनिटांत एकजण भोकातून तोंड बाहेर काढतो. ते पाहून जो निर्णय घ्याल तो मला कळवावा. शक्यतो शनिवारी रात्रीपर्यंत छाटणीवाल्यांना निरोप जाईल अशा बेताने त्याआधीही एकदा भेटता येईल. मी संध्याकाळी सहानंतर घरी असते.

कळावे,
आपली,
बी विंगमधील एक सभासद

ता. क. : स्कूटर कालपासून पुढच्या बाजूला लावते आहे. मागची जागा मे अखेरपर्यंत दुसऱ्या कुणाला देऊ नये, ही विनंती.