मेन कॉन्ट्रॅक्टरच्या प्रोजेक्ट मॅनेजर सरांना, एका सबकॉन्ट्रॅक्टरकडून थँक्यू

सर, नाव घेत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही, पण वाचलंत की कळेलच. काम हँडओव्हर झालं, फायनल बिलपण निघालं, म्हणजे आता मी मस्का मारतोय असं कोणी म्हणायला नको.

आम्ही इलेक्ट्रिकलवाले, साइटवर सगळ्यात शेवटी विचारले जाणारे. वर्क ऑर्डरमध्ये स्कोप, रेट, रिटेन्शन (बिलातून राखून ठेवायचे पैसे), पेनल्टी सगळं असतं, पण स्लॅबची खालची जाळी बांधून झाली की वरची जाळी चढायच्या आधी आम्हाला वायरचे पाइप टाकायला किती वेळ मिळणार हे कुठल्याच कागदावर नसतं. स्टील फिटरला वाटतं आम्ही मध्ये कडमडतोय, आम्हाला वाटतं तो मुद्दाम घाई करतोय, सेंट्रिंगवाला दोघांवर वैतागलेला आणि तिकडे काँक्रीटचा पंप बुक झालेला. मग वरच्या जाळीतून हात घालून पाइप सरकवायचे, त्यात एखादा जॉइंट निसटतो, आत सिमेंटची स्लरी जाते आणि ते कळतं कधी, तर काही महिन्यांनी वायर ओढायला घेतल्यावर! मग फोडाफोडीचा खर्च कोणाच्या बिलातून कापायचा यावरून जुंपते.

तुम्ही पहिल्याच कोऑर्डिनेशन मीटिंगला ड्रॉइंग गुंडाळून ठेवायला लावलीत आणि म्हणालात, समोरच्याने काय करावं असं तुम्ही मनात धरून चाललायत ते आत्ता बोला. बराच वेळ सगळे गप्प. मग स्टीलचा मुकादम बोलला की पाइपवाले बाइंडिंग वायर कापतात आणि तसेच निघून जातात, परत बांधायला आमची माणसं लागतात. इतकी वर्षं या धंद्यात आहे, हे मला कोणी तोंडावर सांगितलंच नव्हतं. तिथेच ठरलं की पोअर कार्डवर, म्हणजे काँक्रीट ओतायच्या आधीच्या तपासणीच्या कागदावर, आमची सही झाल्याशिवाय पंप बोलवायचा नाही. आणि नुसतं ठरलं नाही, पुढे एका स्लॅबला क्लायंटचे फोनावर फोन येत होते तरी तुम्ही पंप पुढे ढकललात आणि वर सांगताना इलेक्ट्रिकलवाल्यांमुळे उशीर झाला असं म्हणाला नाहीत. हे फार कमी लोक करतात.

दुसरं म्हणजे ते नोटिशीचं. फिडिक या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या १९९९ च्या रेड बुकात, म्हणजे बांधकामाच्या छापील कॉन्ट्रॅक्टमध्ये, जादा पैसे किंवा मुदत मागायच्या क्लेमची नोटीस २८ दिवसांत दिली नाही तर हक्कच जातो, आणि सबकॉन्ट्रॅक्ट बॅक-टू-बॅक असलं, म्हणजे वरच्याच अटी आम्हालाही लागू असल्या, की आमच्या हातात त्याहून कमी दिवस उरतात. पण लाइनीतला न लिहिलेला नियम असा की ज्याने लेटर पाठवलं तो भांडखोर, त्याला पुढचं काम नाही. म्हणून लोक गप्प बसतात आणि शेवटी सगळं एकदम बाहेर काढतात. तुम्ही सरळ म्हणालात, "लेटर वेळेत पाठव, मला वर क्लेम करायला तेच लागतं, फक्त आधी एक फोन कर." एवढ्या एका वाक्याने माझी किती रात्रींची झोप वाचली काय सांगू.

एनईसी नावाच्या ब्रिटिश छापील कॉन्ट्रॅक्टमध्ये म्हणे परस्पर विश्वासाने आणि सहकार्याने काम करायचं हे कलमच आहे, अर्ली वॉर्निंगपण (अडचण दिसताच आधी कळवणं) आहे, ब्रिटनमध्ये बांधकाम धंद्यावरच्या १९९४ च्या लॅथम रिपोर्टपासून पार्टनरिंगवर, म्हणजे भांडण्यापेक्षा मिळून काम करण्यावर, बरंच बोललं गेलं. चांगलंच आहे. पण त्याच कलमाखाली दिवसभर एकमेकांना मेलवर मेल टाकत बसणारी माणसंही असतातच की, शेवटी समोर कोण बसलाय त्यावर सगळं.

आणि हो, तोंडी सांगितलेलं एक्स्ट्रा काम त्याच संध्याकाळी मेलवर कन्फर्म करायचात, "करून टाक, नंतर बघू" कधीच नाही, त्याबद्दल तर वेगळं थँक्यू.

दोन-तीन एक्स्ट्रा आयटम तुम्ही कापलेत ते मला अजूनही पटलेलं नाही. का कापताय ते बिल पास व्हायच्या आधी फोन करून सांगितलंत म्हणून तेव्हा गप्प बसलो, पण भेटलो की त्यावर भांडणार आहे, तयारीत रहा!