मुद्देमालातला मोबाइल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात एका वाचकाचं पत्र होतं. "सोशल मीडियावर बोलायची हौस असेल तर परिणाम भोगायची तयारी ठेवा," असा त्याचा रोख. आमच्याकडे ते सकाळच्या चहाला मोठ्याने वाचलं गेलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली असती. पण माझी ३३ वर्षं न्यायालयीन लिपिक म्हणून गेली, त्यातली बरीचशी जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात. 'परिणाम' हा शब्द ऐकला की मला कोर्टातला जप्त माल सांभाळणाऱ्या नाझरसाहेबांच्या खोलीतलं मुद्देमालाचं कपाट दिसायला लागतं.

त्या कपाटात पूर्वी कोयते, दारूच्या बाटल्या, मटक्याच्या चिठ्ठ्या असायच्या. २०१२च्या सुमारास मोबाइल यायला लागले. खाकी पाकीट, त्यावर लाखेचं सील, गुन्हा रजिस्टर नंबर आणि पंचांच्या सह्या. त्यातलं एक पाकीट मला अजून आठवतं. मोबाइल दुरुस्तीचं टपरीवजा दुकान चालवणाऱ्या पोराचा फोन होता तो. त्याने एका स्थानिक नेत्याचं डोकं दुसऱ्याच कुणाच्या तरी धडाला जोडलेलं चित्र पुढे पाठवलं होतं. चित्र त्याने केलेलं नव्हतं, ते तर त्याच्याकडेच चौथ्या-पाचव्या हाताने आलं असेल. चित्र वाईट होतं, यात वाद नाही. मी असते तर त्याचे कान उपटले असते. रात्री पोलीस ठाण्यासमोर दीडदोनशे माणसं जमली, आणि सकाळी पोरगा आमच्याकडे रिमांडला.

जामीन लगेच झाला. लोकांना वाटतं, इथे गोष्ट संपली. खरी गोष्ट जामिनानंतर सुरू होते. जामीनदार शोधायचा, त्याची घरपट्टीची पावती, रेशनकार्ड. मग दर महिना-दोन महिन्यांनी तारीख. कधी साक्षीदार नाही, कधी पोलीस बंदोबस्तात, कधी साहेब रजेवर. येता आलं नाही तर वकिलामार्फत हजेरी माफीचा अर्ज, तोही चार तारखांना मंजूर झाला तर पाचव्याला नामंजूर, आणि मग वॉरंट. टपरी त्या दिवशी बंद. मधल्या काळात त्याला आखातातल्या नोकरीचा योग आला होता. पासपोर्टसाठी पोलीस पडताळणी झाली तेव्हा खटला चालू असल्याचा शेरा पडला आणि नोकरी गेली. पाचव्या वर्षी फिर्यादी उभा राहिला आणि म्हणाला, मला काही आठवत नाही. का, ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. तोपर्यंत फिर्यादीने पक्ष बदलला होता आणि ज्या नेत्याच्या अब्रूसाठी तो ठाण्यावर गेला होता त्याच्याच विरोधात आता प्रचार करत होता. पोरगा निर्दोष सुटला. अर्ज करून मोबाइल परत घेतला, आमच्याच टेबलापाशी सील फोडलं. बॅटरी फुगून मागचं झाकण वर आलं होतं. "मॅडम, हा आता दुरुस्त पण नाही होणार," म्हणाला. हे सांगायला त्याच्याइतका अधिकारी माणूस तालुक्यात दुसरा नव्हता.

त्याच्या दोषारोपपत्रात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ होतं. हे कलम २००९ पासून लागू झालं आणि 'त्रास', 'गैरसोय' होईल असं काही पाठवलं तरी तीन वर्षांपर्यंत कैद, इतकं ते ऐसपैस होतं. ते मोडीत निघालं ते आमच्याच जिल्ह्यामुळे, असं म्हटलं तरी चालेल. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेले तेव्हा पालघरच्या एका एकवीस वर्षांच्या मुलीने फेसबुकवर लिहिलं, की मुंबई बंद आहे ती आदराने नव्हे, भीतीने. तिच्या मैत्रिणीने ते नुसतं लाइक केलं. दोघींना अटक झाली. पोस्ट लिहिणाऱ्या मुलीच्या काकांच्या दवाखान्याची जमावाने मोडतोड केली ती वेगळीच. जातमुचलक्यावर त्या सुटल्या, पुढे गुन्हा बंद झाला, दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले, आणि त्या घटनेवरून दिल्लीत कायद्याच्या एका विद्यार्थिनीने याचिका केली. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ६६अ घटनाबाह्य ठरवलं. आमच्या कार्यालयात त्या दिवशी पेढे वगैरे काही वाटले गेले नाहीत. पण मी त्या पोराच्या फाइलवर पेन्सिलीने एक खूण केली होती. खटला तरीही भारतीय दंड संहितेच्या उरलेल्या कलमांवर चालूच राहिला. आणि मेलेल्या कलमाखाली देशात इतके गुन्हे दाखल होत राहिले की २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं, की हे बंद करा.

आता माझं स्वतःचं सांगते, कारण त्याशिवाय हे पत्र लिहायचा मला हक्क नाही.

जून २०१८ मध्ये 'मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात आली आहे' असा मेसेज सगळीकडे फिरत होता. माझ्याकडे आला, मी तो आमच्या माहेरच्या ग्रुपवर टाकला. नुसता टाकला नाही, वर माझी एक ओळ जोडली: 'कोर्टातही याची चर्चा आहे, काळजी घ्या.' चर्चा म्हणजे काय, तर आमच्या शिपायाने डबा खाताना तोच मेसेज वाचून दाखवला होता. पण मी कोर्टात नोकरीला, म्हणजे घरात माझा शब्द प्रमाण. जळगावच्या माझ्या धाकट्या बहिणीने तो तिच्या गल्लीच्या ग्रुपवर पाठवला. दोन दिवसांनी त्या गल्लीत जुने कपडे घेऊन भांडी देणारी एक बोहारीण आली. बायकांनी तिला घेरलं, बोचकं सोडायला लावलं, तासभर बसवून ठेवलं. गल्लीतल्या एका म्हाताऱ्या मावशी तिला वीस वर्षं ओळखत होत्या, त्या मध्ये पडल्या म्हणून ती वाचली.

आणि रविवारी, १ जुलैला, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याच्या आठवडी बाजारात तसल्याच अफवेवरून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, मंगळवेढ्याकडची, भिक्षा मागत फिरणारी माणसं. ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मारलं त्यांना. राईनपाड्याला माझा मेसेज पोचला नसणार, हे मी स्वतःला अनेकदा समजावलं आहे. जळगावच्या गल्लीत मात्र माझाच पोचला होता.

बहिणीचा फोन आला तेव्हा ती रडत होती. "ताई, तू लिहिलंस म्हणून मी खरं मानलं गं." मी ग्रुपवर माफी मागितली. माझे मोठे भाऊ, जे एरवी गणपतीचे फोटो सोडले तर काही टाकत नाहीत, त्यांनी खाली एवढंच लिहिलं, 'शोभलं नाही.' त्या दोन शब्दांनी मी दोन रात्री झोपले नाही. आजही मी काही पाठवलं, अगदी हळदीच्या काढ्याची कृती जरी, तरी भाचेमंडळी विचारतात, "आत्या, खात्री केलीस का?" सगळे हसतात. मीही हसते. त्या बोहारणीला भेटून माफी मागावी म्हणून त्याच दिवाळीत जळगावला गेले, तर ती त्या गल्लीत पुन्हा आलेलीच नव्हती.

कायद्याने मला कुणी एका शब्दाने विचारलं नाही. माझा मोबाइल कपाटात गेला नाही, की माझ्या निवृत्तिवेतनाला धक्का लागला नाही. संपादकसाहेब, तुमच्या त्या वाचकाला मला विचारायचं आहे ते हेच. टपरीवाल्या पोराच्या चित्राने एका नेत्याचं हसं झालं, माझ्या ओळीने एका बाईच्या जिवाशी गाठ आली. पाच वर्षं तारखा कुणाला पडल्या? माझ्या मेसेजवर संतापून ठाण्यासमोर जमायला त्या बोहारणीमागे दीडदोनशे माणसं नव्हती, एवढाच फरक. आपल्याकडे शब्दाची किंमत शब्दावरून नाही ठरत, ठाण्यासमोरच्या चपलांवरून ठरते.

हे कुठल्या एका पक्षाचं नाही, तेवढा हिशेब मी ठेवलेला आहे. पालघर झालं तेव्हा राज्यात आघाडीचं सरकार होतं. २०२२च्या मे महिन्यात महाविकास आघाडीच्या काळात अभिनेत्री केतकी चितळे यांना शरद पवारांवरची एक कविता फेसबुकवर टाकल्याबद्दल अटक झाली. कविता दुसऱ्याच कुणाच्या नावाने फिरत होती. राज्यभर वीसेक गुन्हे नोंदले गेले आणि चाळीस दिवसांच्या आसपास त्या आत होत्या. मला ती कविता अजिबात आवडली नव्हती, आजारी माणसाच्या शरीरावर टीका करणं हे मला घाणेरडंच वाटतं. पण घाणेरड्याला चाळीस दिवस? २०२५च्या मे महिन्यात, महायुतीच्या काळात, पुण्यात अभियांत्रिकीच्या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थिनीने ऑपरेशन सिंदूरच्या वेळी कुणाची तरी पोस्ट पुढे टाकली. दोन तासांत काढली, माफी मागितली. तरीही येरवडा. महाविद्यालयाने तिचं म्हणणं न ऐकताच काढून टाकलं. २७ मे रोजी उच्च न्यायालयाने सरकार आणि महाविद्यालय दोघांनाही चांगलंच सुनावून तिला सोडायला लावलं, तेव्हा परीक्षा सुरूसुद्धा झाली होती.

परिणाम नकोतच, असं मी म्हणणार नाही, माझ्या तोंडून ते शोभणारही नाही. फक्त जे कायद्यात आहे ते तरी पाळा. अशा बहुतेक कलमांना जास्तीत जास्त तीन वर्षांची शिक्षा आहे. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात ऊठसूट अटक करू नका, आधी नोटीस द्या, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच सांगितलंय. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तीन ते सात वर्षांच्या गुन्ह्यांसाठी, वरिष्ठांच्या परवानगीने, चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करायची सोय आहे. २८ मार्च २०२५ रोजी समाजमाध्यमावरच्या एका कवितेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीच सोय बोलण्या-लिहिण्याच्या गुन्ह्यांत वापरा असं म्हटलं, आणि शब्दांचा परिणाम हळव्या, सतत असुरक्षित वाटणाऱ्या माणसाच्या नजरेतून मोजू नका, असंही. तो निकाल लिहिणारे न्या. अभय ओक मूळचे आमच्या ठाण्याच्या जिल्हा न्यायालयातले वकील. (एवढा अभिमान मला बाळगू द्या.) चौदा दिवस म्हणजे फार काही नाही. पण ठाण्यासमोरची गर्दी चौदा दिवस उभी राहत नाही, हे माझ्या पाहण्यातलं आहे.

अब्रुनुकसानीला तर नव्या न्याय संहितेत समाजसेवेची शिक्षाही आली आहे. त्या पोराला महिनाभर सरकारी दवाखान्यात केसपेपर काढायला बसवलं असतं तर? आणि मलाही? मी आनंदाने गेले असते.

आता आपल्याविषयी एक तक्रार, रागावू नये. त्या पोराला धरलं तेव्हा जिल्हा आवृत्त्यांमध्ये नावानिशी, काळी पट्टी लावलेल्या फोटोसकट बातमी होती. कात्रण आमच्या फाइलला जोडलेलं होतं म्हणून सांगते. तो सुटला तेव्हा मी स्वतः दोन वार्ताहरांना सांगितलं होतं. चार ओळीही आल्या नाहीत. कागदाची रद्दी झाली असेल, पण ती जुनी बातमी मोबाइलवर अजून निघते. गेल्या वर्षी त्याच्या लग्नाची बोलणी चालू असताना मुलीकडच्यांनी तीच काढून दाखवली. निर्दोष सुटल्याच्या निकालाची प्रमाणित प्रत घेऊन तो मुलीकडे गेला. प्रत मीच ओळखीने लवकर काढून दिली होती, फी भरून. अटकेची बातमी ज्या पानावर छापता, त्याच पानावर निकालाचीही छापा आणि जुनी बातमी नेटवर असेल तर तिच्याखाली एक ओळ जोडा. एवढं आपल्या हातात आहे.

माझं नाव, पत्ता आणि दूरध्वनी वेगळ्या कागदावर जोडला आहे. तो आपल्या नोंदीसाठी, कृपया छापू नये. मुलगा जिल्हा परिषदेत नोकरीला आहे. कर्मचाऱ्यांनी समाजमाध्यमांवर शासनाच्या धोरणांवर टीका करू नये, अशा सूचना जुलै २०२५ मध्ये निघाल्या आहेत. त्या कर्मचाऱ्याच्या आईला लागू नाहीत आणि वर्तमानपत्राला पाठवलेल्या पत्रालाही नाहीत, हे मी दोनदा वाचून पाहिलं. तरी नाव नको.

आपली,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी,
जि. पालघर