इंदूरच्या घरासाठी हेडसेट

श्टुटगार्ट

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

दिवाळीला तू नाशिकहून इंदूरला जाणार आहेस असं आई म्हणाली. तिथे गेलीस की जेलरोडवरून बाबांसाठी हेडसेट घेऊन दे, पैसे मी पाठवतो. मात्र तो तारेचा आणि यूएसबीचाच हवा. दुकानदार ब्लूटूथचा गळ्यात घालायला बघेल. त्याचं ऐकू नकोस.

बाबांना आता कमी ऐकू येतं, हे तू पाहिलंच आहेस. ब्लूटूथवर गाणी छान वाजतात, पण कॉलसाठी त्याचा माईक सुरू झाला की जोडणीची पद्धत बदलते आणि आवाज एकदम पडतो. जुन्या पद्धतीत आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतात, म्हणजे ४,००० हर्ट्झच्या वरचं काही पोचतच नाही. स, श, फ हे उच्चार कानाला वेगळे कळतात ते बरेचसे त्या वरच्या भागामुळे. नव्या पद्धतीत नमुने १६,००० असतात, पण ती कॉम्प्युटर आणि हेडसेट दोघांनाही यावी लागते. मी 'साठ' म्हटलं की बाबा 'आठ' ऐकतात. दोन-तीनदा "काय म्हणालास?" विचारतात आणि मग गुपचूप फोन आईकडे देतात. ते मला बघवत नाही, ताई.

यूएसबीच्या हेडसेटमध्ये त्याचं स्वतःचं साउंड कार्ड असतं. विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्ही त्याला वेगळं सॉफ्टवेअर न टाकता ओळखतात. आपल्याकडे तिन्ही आहेत. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि बाबांच्या जुन्या डेस्कटॉपवर ११ चढेना, म्हणून शेजारच्या मुलाने लिनक्स मिंट टाकून दिलंय. आईच्या लॅपटॉपवर विंडोज ११ आहे, आणि तुझं मॅकबुक. डेस्कटॉपला जुनं चौकोनी यूएसबी आहे, तुझ्या मॅकला टाइप-सी. तेव्हा एक छोटा जोडही घे.

मोबाईलचा इयरफोन नको. त्याच्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात, ऐकायचं आणि बोलायचं एकाच पिनेत. डेस्कटॉपला मागे हिरवं आणि गुलाबी अशी दोन वेगळी भोकं आहेत. हिरव्यात घातला तर ऐकू येईल, माईक मात्र मुकाच राहील.

घेताना बाबांच्या डोक्यावर घालून बघ. दोन्ही कान झाकले जावेत, माईक दांडीवर असावा आणि ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटं लांब राहावा. तारेवर आवाज कमी-जास्त करायचं चाक असेल तर फारच उत्तम, कारण स्क्रीनवरची ती बारीक खूण त्यांना दिसत नाही.

लिनक्सवर साउंड सेटिंगमध्ये आउटपुट आणि इनपुट, दोन्हीकडे हेडसेटच निवड. वेबकॅमलाही माईक असतो. तो निवडलेला राहिला तर बाबांच्या आधी पंखाच ऐकू येतो. मॅक आणि विंडोजवर ॲपला मायक्रोफोनची परवानगी आहे का, तेही बघ. आणि स्पीकर बंदच ठेवा. मला माझाच आवाज परत ऐकू येतो तो तिकडच्या स्पीकरमधून माईकमध्ये शिरतो म्हणून.

जोडून झालं की लगेच कॉल लाव, आणि आधी बाबांनाच बोलू दे.

आई-बाबांना सा. न., पिंकूला अनेक आशीर्वाद.

तुझा,
मंदार