पानपताचं इनाम, पाणपोई आणि ताई, तुम्ही

सप्रेम नमस्कार, ताई.

हे पत्र तुमच्या हातात दिलं असतं, तर तुम्ही ते न वाचताच वाचनालयाच्या देवघेवीच्या वहीत खोचलं असतं आणि "चहा घेणार का?" विचारलं असतं. म्हणून चारचौघांसमोर लिहितोय. तुमचं नाव मात्र घालत नाही. नाव छापून आलं की तीन वर्षं वर्गणी थकवलेले लोकही ओळख सांगत येतात, असं तुम्हीच एकदा म्हणाला होता.

वडील गेले त्या पावसाळ्यात मी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. आत मोडी कागद होते, आणि त्या कागदांबद्दलची गोष्ट मला पाळण्यातल्या ओवीसारखी पाठ होती. आमचा मूळपुरुष भाऊसाहेबांबरोबर पानपतावर गेला, जखमी होऊन परतला आणि पेशव्यांनी त्याला ओढ्याकाठची जमीन इनाम दिली. जमीन केव्हाच हातची गेली, पण 'पानपताचं इनाम' प्रत्येक लग्नाच्या पंगतीत वाढलं जायचं. कागद वाचणारा मात्र घरात कुणी उरला नव्हता. एक नातलग म्हणाले, नदीत सोडून दे. दुसऱ्यांनी लॅमिनेशन करून दिवाणखान्यात लावायला सांगितलं. मी ते एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तुमच्या वाचनालयात आलो.

तुम्ही कागदांकडे बघितलंच नाहीत. म्हणालात, "आधी ती पिशवी फेक." मग टेबलावरचे दिवाळी अंक बाजूला सारले, धुतलेलं सुती फडकं पसरलंत, रंगकामाच्या मऊ ब्रशने एकेका कागदावरची धूळ कडेकडे झटकत गेलात. दोन कागदांच्या मध्ये कोरा कागद. "सेलोटेप लावलास तर हात तोडीन, आणि लॅमिनेशनचं नाव काढू नकोस, एकदा केलं की परत सोडवता येत नाही." एका कागदाला कसर लागली होती. तो तुम्ही वेगळा ठेवलात, तापकऱ्याला कोपऱ्यातल्या खाटेवर निजवतात तसा.

मला वाटलं, आता तुम्ही कुणाकडून तरी वाचून आणून द्याल. पैसे देऊन वाचून घेण्याची माझी तयारी होती. तुम्ही कपाटातून सरदेसाईंचा एक खंड काढून माझ्यापुढे आदळलात. रियासतकार गो. स. सरदेसायांनी साठी उलटल्यावर हे काम अंगावर घेतलं आणि १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातले निवडक कागद ४५ खंडांत छापून काढले. त्यातले नऊ आपल्या वाचनालयात आहेत, हे मला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं. तुम्ही दाखवलेल्या खंडाच्या मागच्या चिठ्ठीवर एकच तारीख होती, १९७८ सालची. "घरी नेता येणार नाही. इथे बसून वाच. भाषा कानात बसली की मग लिपी शीक."

आणि शिकलो की! बोरूने आधी ओळ आखून घ्यायची आणि हात न उचलता पुढे जायचं, शब्द तोडायचे नाहीत, ऱ्हस्वदीर्घाची फिकीर करायची नाही. लिहिणाऱ्याची सोय आणि वाचणाऱ्याची परीक्षा. मोडीच्या वर्गात माझ्या शेजारी सातबाऱ्याच्या भानगडीत सापडलेले एक शेतकरी बसायचे आणि ते माझ्यापेक्षा फार लवकर शिकले. गरजवंताला अक्षर लवकर लागतं बहुतेक.

साल वाचायला तुम्ही शिकवलंत. जुन्या कागदांत शुहूर सन असतो आणि तो आकड्यांऐवजी अरबी शब्दांत लिहिलेला असतो, एकं आधी आणि हजार शेवटी. सूर्य मृगात आला की नवं साल, म्हणजे पेरणी आणि हिशेब एकदमच सुरू. त्यात ५९९ मिळवले, मृगाच्या वेळचं इसवी साल निघालं. पानपताचं साल तुम्ही माझ्याकडून घोकून घेतलंत : इहिदे सितैन मया व अलफ. एक, साठ, शंभर, हजार. ११६१, म्हणजे १७६०-६१. दुसऱ्या दिवशी मी आमच्या कागदावरचं साल लावलं. तिसा सबैन मया व अलफ. नऊ, सत्तर, शंभर, हजार. चारदा बेरीज केली. १७७८-७९! पानपतानंतर अठरा वर्षांनी पेशव्यांना आमच्या पूर्वजाची आठवण कशी झाली?

तुम्ही काही बोलला नाहीत. फक्त म्हणालात, "पुण्याला जाऊन ये."

त्याआधी मी एका कचेरीत जाऊन आलो होतो, हे तुम्हाला सांगितलं नव्हतं. तिथे मला ऐकवलं होतं की मोडी वाचणारे साहेब निवृत्त झाले, नवीन आले की या. ते कधी येणार? टेबलामागच्या माणसाने खांदे उडवले. त्यामुळे पेशवे दफ्तर जिथे आहे त्या पुण्याच्या पुरालेखागाराच्या दगडी इमारतीत शिरताना मी हात जोडूनच शिरलो. तिथे रुमाल बघितले. चौकोनी फडक्यात बांधलेले कागदांचे गठ्ठे, एकावर एक, ओळीच्या ओळी. रोजकीर्द, घडणी, पागा, चिटणिशी, प्रांत अजमास... नावंच अशी की माणूस पाटी वाचत तिथेच उभा राहील. माझ्यासारखा माणूस त्यात काय शोधणार? मी आडनाव सांगितलं. समोरचे सद्गृहस्थ सौम्यपणे म्हणाले, आडनावावरून नाही सापडणार.

बाहेर पायरीवर बसून तुम्हाला फोन केला. तुम्ही अनामतीचे पैसे मोजत होता, मागे नाण्यांचा आवाज येत होता. "अरे, त्या काळी माणूस आडनावाने कुठे ओळखला जायचा? अमका बिन तमका, मौजे अमुक. गाव सांग. आणि तालुका सांगू नकोस, तर्फ सांग, परगणा सांग. तालुका आत्ताचा. त्या कागदांना तो माहीत नाही." मी तर्फ सांगितली. तिसऱ्या फेरीत, चौथ्या रुमालात, नोंद निघाली.

हे कागद टिकले कसे, तेही तुमच्याकडूनच कळलं होतं. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि दफ्तर इंग्रजांच्या हाती गेलं. त्यांना इतिहासाचं प्रेम नव्हतं, सारा हवा होता. करमाफीची जमीन कोण खरंच खातो आणि कोण थापा मारून खातो, हे ताडायला जुने हिशेब लागत. १८५२च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि इनामदारांना आपापल्या कैफियती, म्हणजे हक्काच्या लेखी हकिगती, आणि सनदा घेऊन हजर व्हावं लागलं. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांनी कमिशनला शिव्या घातल्या. त्यात आमचेही असतील. पण आमच्या ट्रंकेतला सर्वांत जाड कागद त्या कैफियतीचीच नक्कल निघाला. आमच्याकडून पुरावा मागितला गेला म्हणून आमच्याकडे पुरावा राहिला.

पुण्याची नोंद आणि ही कैफियत, दोन्हींत एकच शब्द होता. पाणपोई.

जुन्नरहून नाणेघाटाकडे जाणाऱ्या वाटेवर उन्हाळ्यात वाटसरूंना पाणी पाजायचं, त्याबद्दल ती जमीन. बस्स. कल्याण बंदरावरून घाट चढून येणारा माल दोन हजार वर्षं त्या वाटेने आला. सातवाहनांच्या काळात कातळात कोरलेली पाण्याची टाकी तिथे आजही आहेत, जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजणही आहे. त्या वाटेवर आमचा पूर्वज घागरी भरत होता. पानपत आमच्या घरात शिरलं ते नंतर केव्हातरी. 'पाणपोईचं इनाम' दोन-तीन पिढ्यांच्या तोंडात घोळता घोळता 'पानपताचं इनाम' झालं असणार, असा माझा तर्क. ज्याने पहिल्यांदा चुकीचं ऐकलं तो फार दुरुस्तीच्या भानगडीत पडला नसावा. मीही पडलो नसतो.

फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही क्षणभर गप्प होतात आणि मग इतक्या मोठ्याने हसलात की वाचनालयातल्या पेपर वाचणाऱ्या आजोबांनी "काय झालं?" विचारलेलं मला इकडे ऐकू आलं. त्या हसण्याने माझा सगळा हिरमोड धुऊन निघाला. लढवय्याचा वंशज म्हणून पुण्याला गेलो होतो, पाणक्याचा वंशज होऊन एसटीत बसलो. खिडकीतून रस्त्याकडेचे माठ दिसले की उगाच छाती फुगत होती.

तुमच्याकडे अशा गोष्टी किती आहेत, ताई? भर पावसात वीज गेली होती त्या संध्याकाळी तुम्ही गोव्याच्या पुराभिलेखांची गोष्ट सांगितली होती. लिस्बनहून पत्रं येणार ती मोसमी वाऱ्यावर चालणाऱ्या जहाजांनी, म्हणून राजाच्या पत्रव्यवहाराच्या बाडांचं नावच 'मोसमाची पुस्तकं' पडलं. अठराव्या शतकात त्यातले ६२ खंड लिस्बनला गेले ते तिथेच राहिले. "पाऊस दरवर्षी परत येतो, कागद येत नाहीत," असं म्हणून तुम्ही मेणबत्ती कपाटापासून लांब सरकवलीत. आपल्याकडची वाचनालयं काही कालची नाहीत, रत्नागिरीचं १८२८चं, पणजीचं १८३२चं, हेही त्याच संध्याकाळी ऐकलं. १९६७च्या कायद्यानंतर आपल्यासारख्यांना दर्जाची अ, ब, क, ड अशी अक्षरं चिकटली. आपलं 'ब'. पुस्तकं मोजतात, सभासद मोजतात, वर्तमानपत्रं मोजतात. पायरीवर बसलेल्या माणसाला फोनवरून तर्फ सांगणारी बाई कुठल्या रकान्यात भरायची, हे त्या तपासनिसांना एकदा विचारायचंय. अनुदानाच्या हप्त्याची वाट बघत तुम्ही स्वतःच्या पैशाने डांबरगोळ्या आणता, हे मी पाहिलंय. तुम्हाला आवडणार नाही, तरी लिहिलं.

चुलत्यांना सगळं वाचून दाखवलं. त्यांनी दोन्ही नकला डोळ्यांजवळ नेऊन बघितल्या, परत दिल्या आणि म्हणाले, "मोडीत काय, काहीही वाचता येतं." मागच्या महिन्यात पुतणीच्या हळदीला त्यांनी पुन्हा पानपत लढवलं. या खेपेला घोडाही होता. मी गप्प बसून सगळ्यांना पाणी वाढत होतो.

कागदांचे फोटो काढून तुमच्याकडच्या संगणकात ठेवलेत. मूळ कागद सुती कापडात बांधून, पिशवीशिवाय, लाकडी कपाटात आहेत. गावातल्या आणखी तीन घरांत ट्रंका असल्याचं कळलंय. एका घरचे दाखवायला तयार आहेत. रविवारी त्यांना घेऊन येतो. फडकं धुऊन ठेवा.

बहुत काय लिहिणे, लोभ असावा हे विनंती.

ता. क. मागच्या वर्षीचे दोन दिवाळी अंक अजून माझ्याकडेच आहेत. दंड लिहून ठेवा, माफ करू नका.